गिऱ्हाइकाचं रक्त

एचआयव्हीची चाचणी खरं तर तिघांची व्हायला हवी. धंदा करणारी बाई, तिच्याकडे पैसे देऊन जाणारा पुरुष आणि त्या पुरुषाची बायको. आपल्याकडे ती दोघींची होते. धंद्यातल्या बाईची वर्षातून दोनदा, कारण सरकारी कार्यक्रमाचा तसा दंडकच आहे. वस्तीतली कार्यकर्ती तारीख लक्षात ठेवून दारात येते. बायकोची चाचणी ती गरोदर राहिली की होते; नाव नोंदवायला गेली की हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीसाठीही रक्त घेतात. राहिला मधला. पैसे त्याने मोजले, दोन्हीकडे तोच गेला, आणि त्याच्या रक्ताचा थेंब मात्र कुणी मागितला नाही.

या आठवड्यात त्याच्याबद्दल बोलू. नाक मुरडून नव्हे. तो तुमच्या-आमच्या घरातलाच आहे, आजार त्यालाही मारतो, आणि तो चाचणीला का येत नाही हे समजून घेतल्याशिवाय त्याला तिथवर आणता येणार नाही.

पहिल्यापासून आपली सुई बाईच्या दंडाकडेच वळलेली आहे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातली एचआयव्हीची पहिली लागण शोधून काढली. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या.) ती सापडली धंदा करणाऱ्या सहा बायकांच्या रक्तात. काम मोठं होतं, धाडसाचं होतं, त्याने देश जागा झाला. पण विषाणू त्या सहाजणींपर्यंत कुणीतरी आणून पोचवला होता, आणि त्या ‘कुणीतरी’चा माग काढायची घाई पुढे सरकारला झाली नाही.

घाई झाली ती बायकांना हलवायची. १९९० मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमधून आठशेहून जास्त तमिळ बायकांना आगगाडीत बसवून मद्रासला धाडलं. गाडीला नाव दिलं ‘मुक्ती एक्स्प्रेस’. तिकडे उतरल्यावर त्यांची रक्तं तपासली. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठे छापे पडले, चारशेहून जास्त मुली आणि बायका उचलल्या गेल्या, त्यांच्याही चाचण्या झाल्या आणि किती जणींना लागण आहे याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. दोन्ही वेळा सगळा बोभाटा बायकांच्या रक्ताचा. पुरुषांनाही असंच उचलून तपासा, असं माझं म्हणणं नाही. असं कुणालाच तपासू नये. पण तीस-चाळीस वर्षं एकाच बाजूला बोट दाखवत राहिलं की दुसऱ्या बाजूच्या माणसाची खात्री पटते की हा आजार त्याचा नाहीच. आज तो चाचणीला येत नाही याचं पहिलं कारण इथे आहे.

पुण्यातली एक नोंद डोळ्यांत अंजन घालणारी आहे. गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ बायकांची १९९३ ते १९९६ या काळात तपासणी झाली. डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास १९९७ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. धंदा करणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींना लागण होती. ते त्या काळी अनेकांनी धरूनच ठेवलं होतं. हादरवणारी गोष्ट पुढची. धंदा न करणाऱ्या ३९१ बायकांपैकी १३.६ टक्के बायकांनाही एचआयव्ही होता. त्यांतल्या बहुतेक लग्न करून घरात राहिलेल्या, नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नसलेल्या बायका. त्यांनी केलं काय होतं? संसार.

अशा बाईला सासर काय म्हणतं ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. पांढऱ्या पायाची. नवरा खंगला, गेला, तो हिच्या पायगुणाने. त्याचा दाखला ‘तापाने गेला’, आणि हिचा रिपोर्ट मात्र भावकीत सगळ्यांना तोंडपाठ. गरोदरपणात हिचं रक्त आधी तपासलं गेलं, म्हणून आजार हिनेच घरात आणला असा हिशेब लावणारी घरं आजही आहेत. ज्याची चाचणी आधी झाली त्याच्या माथी दोष, हा न्याय आपण इतक्या सहज मान्य केला आहे की नवऱ्याने चाचणी टाळण्यात त्याचा फायदाच ठरतो.

गेल्या तीस वर्षांत चित्र पालटलं हे खरं. पुण्या-मुंबईत धंद्यातल्या निम्म्या बायका बाधित असण्याचे दिवस गेले. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या धंदा करणाऱ्या बायकांमधलं प्रमाण दोन टक्क्यांच्या खाली होतं. हे कुणी केलं? सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि १९९६ पासून ‘व्हॅम्प’ने, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने, बायकांकरवीच बायकांना निरोध वाटले, वापरायला शिकवलं, गिऱ्हाइकाला ‘त्याशिवाय नाही’ असं म्हणायचं बळ दिलं. पुण्याच्या बुधवार पेठेत ‘सहेली’ या संघटनेने तेच केलं. दारू पिऊन आलेल्याची समजूत काढायची, जास्त पैसे देतो म्हणणाऱ्याला परत पाठवायचं, उपाशी रात्र काढावी लागली तरी चालेल. हे काम त्या बायकांनी केलं. पुरुष वळला तो बाईने वळवला म्हणून. स्वतःहून वळायची पाळी त्याच्यावर आपण आणलीच नाही.

आता मोजणीचं बघू. देशात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांपैकी जवळपास चार लाख महाराष्ट्रात. कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि देशभरात लागण असलेल्या दर पाच जणांपैकी एकाला स्वतःला लागण आहे हे ठाऊकच नाही. ही माणसं कोण? सरकारी पाहणीत गट ठरलेले आहेत. गरोदर बायका, धंदा करणाऱ्या बायका, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, हिजडा आणि ट्रान्सजेंडर व्यक्ती, नशेची सुई टोचून घेणारे, लांब पल्ल्याचे ट्रकचालक, स्थलांतरित मजूर, तुरुंगातले कैदी. धंदा करणाऱ्या बाईला रकाना आहे. तिला पैसे देणाऱ्याला स्वतःचा रकाना नाही. तो ट्रक चालवत असेल किंवा गाव सोडून मजुरीला आला असेल, तरच कागदावर उमटतो.

ट्रकवाल्यांसाठी हायवेवर ‘खुशी क्लिनिक’ निघाली, भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांपर्यंत आणि इमारतींच्या साइटवरच्या मजुरांपर्यंत कार्यकर्ते पोचले. चांगलं झालं. त्या माणसांना त्याचा उपयोग झाला. पण पैसे देऊन जाणारा पुरुष म्हणजे ट्रकवाला आणि मजूर, हे समीकरण कुणी मांडलं? शनिवारी संध्याकाळी बुधवार पेठेच्या तोंडाशी लागलेल्या दुचाकी बघा. लॅपटॉपची सॅक पाठीवर असलेली मुलं, गळ्यात ओळखपत्र तसंच राहिलेले नोकरदार, दुकान बंद करून आलेले व्यापारी. यांतला एकही कुठल्या कार्यक्रमाच्या यादीत नाही. त्याच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत साखर, कोलेस्टेरॉल, डोळे, सगळं बघतात. एचआयव्ही चाचणीबद्दल त्याला कुणी साधं सुचवतही नाही. गरीब पुरुषाला आपण धोका मानलं आणि शिकलेल्या पुरुषाला सभ्य मानलं. विषाणूला पगाराची पावती दाखवून चालत नाही.

शिवाय धंदा आता गल्लीपुरता उरलेला नाही. मोबाईलवर ठरतं, लॉजवर, फ्लॅटवर होतं. वस्तीत कार्यकर्ती होती, निरोधाची पेटी होती, भिंतीवर पोस्टर होतं. फोनवर ठरवणाऱ्याला यातलं काहीच भेटत नाही. आणि त्याच्या मनात एक भलतीच खात्री असते. ‘ती तसली वाटत नाही.’ ‘घरगुती आहे.’ ‘कॉलेजची आहे.’ ‘माझी ठरलेली आहे, मी दुसरीकडे जात नाही.’ समुपदेशकांच्या टेबलासमोर ही वाक्यं रोज ऐकू येतात. यातलं शेवटचं सगळ्यात घातक. ओळख वाढली की निरोध सुटतो, कारण तो काढणं हे विश्वासाचं लक्षण मानलं जातं. अनोळखी बाईकडे सांभाळून वागणारा पुरुष ठरलेल्या बाईकडे बेफिकीर होतो आणि मग म्हणतो, मला कशाला चाचणी, मी काय दहा ठिकाणी जातो का?

तब्येत ठणठणीत असते, हे आणखी एक. लागण झाल्यावर आठ-दहा वर्षं काहीही न दिसता जाऊ शकतात. वजन उतरत नाही, ताप येत नाही, व्यायामशाळेत माणूस वजनं उचलतो आहे. तोवर बायकोला लागण होऊन गेलेली असते.

समजा, एवढं होऊनही एखाद्याने मनाशी ठरवलं की जाऊन येऊ. कुठे जाईल? जिल्हा रुग्णालयात, आपल्या भाषेत सिव्हिलला. तिथे त्याच्या वाट्याला काय येतं ते नीट बघू, कारण खरी गळती इथे होते.

सकाळची ओपीडी, म्हणजे कामावर खाडा. रोजंदारीवाल्याचा दिवस बुडाला, नोकरदाराला साहेबापुढे कारण द्यायचं आहे. केसपेपरच्या खिडकीवर रांग. आतून आवाज येतो, ‘काय होतंय? कुठं दाखवायचंय?’ मागे गावातलं कुणीतरी उभं असतंच. तो म्हणतो, ‘ताप आहे.’ झालं, गेला मेडिसिनच्या ओपीडीत, पॅरासिटामॉल घेऊन घरी. त्यातूनही जो धीर करून आयसीटीसीची, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्राची खोली शोधतो, त्याला दारावर लाल फितीचं भलंमोठं चित्र दिसतं. खोलीबाहेर बाकडं, ते येण्याजाण्याच्या पॅसेजमध्ये. बाकड्यावर पाच-सहा गरोदर बायका, सासवा, एखादं लहान पोर. सगळ्या नावनोंदणीच्या चाचणीला आलेल्या. त्यांच्यात हा एकटा पुरुष, हातात हेल्मेट. प्रत्येक येणारा-जाणारा वाचून जातो, आधी पाटी आणि मग याचा चेहरा. आत समुपदेशक बहुधा बाई. चांगली, शिकलेली, दिवसभर बोलून घसा बसलेली. तिला याने सांगायचं की मी कुठे गेलो होतो, कितीदा, निरोध होता की नव्हता. बहिणीच्या वयाच्या बाईला हे सांगायचं शिक्षण या पुरुषाला घराने दिलं नाही, शाळेने दिलं नाही. तो पाच मिनिटं बसतो, मोबाईल कानाला लावतो आणि बोलत बोलत जिना उतरतो.

त्या खोलीत खरं तर चांगलं काम होतं. चाचणी फुकट. आधी समजावून सांगतात, संमती घेतात. पहिली चाचणी बाधित दाखवत असेल तर आणखी दोन वेगळ्या किटांनी खात्री करतात, मगच निदान देतात. निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी. अहवाल दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. हे सगळं असून पुरुष जिन्यावरून परत जातो, कारण आपण केंद्र बांधलं ते गरोदर बाईच्या वेळापत्रकाला धरून. तिला सकाळ सोयीची, याला संध्याकाळ. हा प्रश्न कुलूप किती वाजता लागतं याचा आहे आणि तो सुटण्यासारखा आहे.

भोंदू वैदूंनी तो कधीच सोडवला आहे. लोकलच्या डब्यातली, एसटी स्टँडच्या मुतारीतली चिकटपत्रं आठवा. ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी ताकद’, ‘निराश होऊ नका’, खाली मोबाईल नंबर. दवाखाना स्टँडच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर, रात्री नऊपर्यंत उघडा. केसपेपर नाही, नाव नाही, रांग नाही. आत पुरुष बसलेला, गिऱ्हाइकाचं म्हणणं मान डोलावत ऐकून घेणारा. गरमी, परमा, सगळ्यावर एकच कोर्स आणि एकच इंजेक्शन. एचआयव्हीची चाचणी तो करत नाही. केली तर गिऱ्हाईक सिव्हिलला जाईल. हा माणूस शेकडो लोकांचं नुकसान करतो आणि त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण घाबरलेल्या पुरुषाला काय हवं असतं, हे त्याला आरोग्य खात्यापेक्षा जास्त कळलेलं आहे, ही आपल्यासाठी शरमेची गोष्ट आहे. सरकारची ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाने गुप्तरोगांवर मोफत उपचार करणारी केंद्रं आहेत. शंभर पुरुषांना विचारा, किती जणांना माहीत आहेत. मुतारीतला नंबर मात्र पाठ असतो.

चाचणी टाळणारा पुरुष कधी कधी चोरवाटेने चाचणी करून घेतो. ती वाट जीवघेणी आहे. नेत्याच्या वाढदिवसाचं रक्तदान शिबिर लागलं की हा जाऊन रक्त देतो, कारण दिलेलं रक्त एचआयव्हीसाठी तपासतात हे त्याला कळलेलं असतं. काही असेल तर कळवतील, नसेल तर वर प्रमाणपत्र. शिबिरात अर्ज भरताना ‘असुरक्षित संबंध आला होता का’ या प्रश्नापुढे तो ‘नाही’ लिहितो. आता ऐका. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे ती चाचणीत दिसत नाही. आपल्या केंद्रांतल्या झटपट चाचणीसाठी तीन महिन्यांपर्यंत धरून चालावं लागतं. त्या काळात दिलेली पिशवी तपासणीतून निसटू शकते आणि एखाद्या थॅलेसेमियाच्या पोराला किंवा बाळंतिणीला चढू शकते. शंका असलेल्याने रक्तदान करायचं नाही. कुठल्याही कारणाने नाही. चाचणी हवी तर चाचणीच्या दारातून जावं.

मग उरतो गल्लीतला डॉक्टर. आपला फॅमिली डॉक्टर डेंग्यू लिहितो, टायफॉइड लिहितो, कावीळ लिहितो. तिशीतला माणूस वारंवार तापाने येतो, मानेत गाठी आहेत, तोंड आलेलं आहे, तरी ‘बाहेर कुठं संबंध आला होता का?’ हा प्रश्न त्याच्या जिभेवर येत नाही. याच्या आईला, बायकोला तोच औषध देतो, भीड पडते. याउलट ऑपरेशन आलं की खासगी रुग्णालयात न विचारता, न सांगता रक्त पाठवलं जातं, आणि निकाल वाईट आला की ऑपरेशनची तारीखच गायब होते. म्हणजे याला गरज असते तेव्हा विचारत नाहीत, आणि रुग्णालयाला गरज असते तेव्हाही विचारत नाहीत. बऱ्याच पुरुषांचं निदान होतं ते क्षयाने बेजार होऊन आल्यावर, कारण क्षयाच्या रुग्णाची एचआयव्ही चाचणी नेमाने होते. तोवर शरीराची लढायची ताकद बरीच खचलेली असते. बायका गरोदरपणात सापडतात म्हणून लवकर उपचाराला लागतात. पुरुष उशिरा येतात आणि उशिरा आलेले जास्त मरतात.

भीतीबद्दल लिहिलं पाहिजे, कारण ती उगाच आलेली नाही. ती आपण पेरलेली आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी उचललं. ते नेमाने रक्तदान करायचे. त्यातूनच लागण उघड झाली होती. काहीही न सांगता त्यांना एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकटं कोंडून ठेवलं. गोव्याचा तेव्हाचा कायदाच तसा होता. आई लूसी कोर्टात गेल्या, गाव मोर्चाने उतरलं, तेव्हा ते बाहेर आले. पुढे त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये ते गेले. एक चाचणी आणि माणूस कोठडीत, हे ज्या पिढीने पाहिलं तिने आपल्या मुलांना चाचणीची भीतीच वारशाने दिली.

आज कायदा उलट्या बाजूने उभा आहे आणि हे पुरुषांना कुणी सांगत नाही. १९९७ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या खटल्यात बजावलं की काम करण्याजोगी तब्येत असताना केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही. त्यानंतर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला, सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही. अहवाल परस्पर फोडायचा नाही. नोकरी, शाळा, घरभाडं, उपचार यांत भेदभाव करायचा नाही. जोडीदाराला कळवण्याबाबतही डॉक्टर-समुपदेशकांना नियम घालून दिले आहेत; आधी रुग्णालाच समजावायचं, आणि सांगितल्यामुळे बाईला मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर ते लक्षात घ्यायचं.

औषधांचंही तेच. एप्रिल २००४ पासून सरकार एचआयव्हीची औषधं फुकट देतं. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करायचं धोरण आहे, शरीर खचायची वाट बघायची नाही. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी. ती नेमाने घेणारा माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: औषधाने रक्तातला विषाणू मोजणीत न सापडण्याइतका खाली आला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. जगभरातल्या ज्या मोठ्या अभ्यासातून २०११ मध्ये उपचारांमुळे लागण थांबते हे पक्कं झालं, त्यात आपल्या पुण्याची आणि चेन्नईची जोडपीही होती. पुण्यातली जोडपी हे जगाला शिकवून गेली आणि पुण्यातल्याच हजारो नवऱ्यांना ते अजून कळलेलं नाही. ज्याला वाटतं की निदान म्हणजे मरण, तो चाचणी कशाला करेल? बायकोला वाचवायचा उपाय आपल्याच हातात आहे हे कळलेला माणूस करेल.

पुरुषांना चाचणीपर्यंत आणायचे प्रयोग जगात झाले आहेत. केनियातल्या किसुमूमध्ये गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना घरी करता येणारी चाचणीची किटं दिली, नवऱ्यासाठी म्हणून. तीन महिन्यांत त्यांच्यापैकी ९१ टक्के बायकांच्या जोडीदारांनी चाचणी केली. ज्यांना फक्त ‘दवाखान्यात या’ अशी चिठ्ठी दिली होती, तिथे हे प्रमाण ५२ टक्के होतं. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. केनियात धंदा करणाऱ्या बायकांनाही अशी किटं दिली गेली आणि त्यांनी ती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः करायच्या चाचणीची शिफारस केली. आपल्याकडेही त्यावर अभ्यास झाले आहेत. ही सोय सर्रास मिळायला हवी, आणि लवकर. बाकडं नको, खिडकी नको. घरात दार लावून वीस मिनिटांत कळेल, आणि बाधित दिसलं तर केंद्रात जाऊन खात्री.

तरी माझी एक हरकत आहे. किसुमूतही किट गेलं ते बाईच्या पर्समधून. नवऱ्यापुढे ते काढून ठेवायचं, तो चिडला तर ऐकून घ्यायचं, हात उगारला तर सोसायचं, हे सगळं पुन्हा तिच्याच वाट्याला. निरोध तिने आणायचा, समजूत तिने काढायची, चाचणीचं किटही तिनेच द्यायचं. पुरुषाला पुरुषाने सांगायचं काही आहे की नाही? मित्राबरोबर जाणारे मित्राबरोबरच चाचणीलाही जाऊ शकतात. पहिल्यांदा तिथे घेऊन जाणारा बहुतेक वेळा मित्रच असतो, तर केंद्रात घेऊन जायची जबाबदारीही त्याची.

आरोग्य खात्याकडे मागणं साधं आहे. आठवड्यातून दोन दिवस तरी केंद्र संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवा. तिथे एक पुरुष समुपदेशक बसवा. बाकडं पॅसेजमधून आत घ्या. बोटातल्या थेंबावर होणारी प्राथमिक तपासणी वस्त्यांपाशी, लॉजच्या भागात, मार्केट यार्डात, कंपन्यांच्या फाटकाशी न्या. ती करायची पद्धत कार्यक्रमात आधीच आहे. आणि गरोदर बाईची चाचणी करताना नवऱ्यालाही त्याच दिवशी, त्याच टेबलावर विचारा. तो बहुतेक वेळा बाहेर दुचाकीवर बसलेला असतो.

दुचाकीवर बसलेल्या त्या माणसाशीच आता शेवटचं बोलतो. तुम्ही कुठे जाता, का जाता, हे मी विचारत नाही. चाचणी केंद्रातही त्यावरून कुणी प्रवचन देणार नाही, देऊ नये. संबंध आला आणि निरोध नव्हता किंवा फाटला, तर ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. २८ दिवसांच्या गोळ्यांनी लागण रोखण्याची चांगली शक्यता असते. तेवढा वेळ टळून गेला असेल तर चाचणी करा, आणि शेवटच्या संबंधाला तीन महिने झाल्यावर पुन्हा करा. मधल्या काळात रक्तदान करू नका आणि घरी निरोध वापरा. जाणं चालूच राहणार असेल तर त्या बाईसारखं तुम्हीही वर्षातून दोनदा रक्त द्या तपासायला. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा नंबर लावा. फोन फुकट आहे, चाचणी फुकट आहे, आणि लागण निघालीच तर औषधंही फुकट आहेत.